सिनेमा न बघता मत कसं द्यावं

सिनेमा बघून मत देणं हा हल्ली मागासपणा झालाय. अडीच तास खुर्चीत अवघडून बसायचं, तिकिटापेक्षा महाग पॉपकॉर्न खायचं आणि बाहेर येऊन 'बरा होता' म्हणायचं, याला कोण विचारतो? मत कसं ट्रेलर संपायच्या आत तयार पाहिजे. पार्क चौकात चहा पिताना कुणी विचारलंच, "का बे, बघितलास का?" तर "बघायचं काय बे त्याच्यात?" एवढं म्हणून कप तोंडाला लावायचा. समोरचा गप्प बसतो. त्यानंही बघितलेला नसतो.

त्यात तुम्ही सोलापूरचे असाल तर अभ्यासाची गरजच उरत नाही. 'सैराट'वर बोलायचा हक्क तुम्हाला जन्मानंच मिळालाय. नागराज मंजुळे जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची, शूटिंग करमाळा तालुक्यात. म्हणजे सिनेमा घरचाच. तुमचं घर होटगी रोडला असेल आणि करमाळा तिथून शंभर किलोमीटरच्या पुढं असेल, तरी 'आमच्याकडंच शूटिंग झालं' असंच सांगा. पुण्याच्या माणसाला आपला नकाशा कुठं पाठ असतो? शंभर कोटींचा गल्ला जमवणारा हा पहिला मराठी सिनेमा, हे सांगताना आवाज असा लावा की त्यातले चार-दोन लाख आपल्याही खात्यावर पडलेत. रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख जाहीर झाला, तेव्हा सिनेमा लागलासुद्धा नव्हता. तो लागला २९ एप्रिल २०१६ ला. तेव्हा 'मी आधीच म्हणालो होतो' असं बिनधास्त ठोकून द्या. आणि 'सैराट'वरून हिंदीत काढलेल्या २०१८ च्या 'धडक'चा विषय निघाला की मान हलवून म्हणा, "करमाळ्याची गोष्ट उदयपूरला नेली की संपलंच बे. उसाशिवाय कुठं प्रेम होत असतंय का?"

झिंगाटला पडद्यापुढं जाऊन कसे नाचलो, हे मात्र तपशिलात सांगावं. शर्टाची बटणं तुटली, कुणीतरी चिल्लर उधळली, तीच चिल्लर कुणीतरी वेचूनही घेतली. शेवटाकडं वळू नका. शेवटी पडद्यावर आवाजच नसतो, फक्त एक लहान पोर चालत असतं. आपल्या तालुक्यांत, आपल्या आडनावांमध्ये काय चालतं ते तिथं दिसतं, आणि त्यावर नाचता येत नाही. तेवढ्या वेळात पार्किंगमधून गाडी काढून घ्यावी, नंतर फार गर्दी होते. मंजुळेंचाच 'फँड्री' बघितलात का, असं कुणी विचारलं तर त्याला भजी मागवा.

तेलुगू सिनेमाच्या बाबतीत सोलापूरकराचा कुणी हात धरू शकत नाही. पूर्व भागातला, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतला, एक मित्र असला की पुरे. तो शेजारी बसून संवाद सांगतो, आपण हॉलमधून बाहेर पडताना "हिंदी डबिंगमध्ये ही मजा नाही" म्हणायचं. 'नाटू नाटू'ला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं, त्या दिवशी तर अशोक चौकात चहा पिणारा प्रत्येक जण परीक्षक मंडळावर होता.

मालिका तुम्ही बघत नाही. हे ठरलेलं वाक्य आहे, ते सोडू नका. मालिका आई बघते. तुम्ही तिथं नुसते कडक भाकरी चुरत बसलेले असता. आता भाकरी चुरता चुरता सासूचं जुनं नाव, सुनेच्या पहिल्या नवऱ्याचा धंदा आणि कागदपत्रं कोणत्या कपाटात आहेत हे कानावर पडलं, तर तुमचा काय दोष? आईनं मध्येच विचारलं, "ही कोण रे?" तर मोबाईलवरची नजर न काढता "तिची मावसबहीण, दुबईहून आलीय" असं सांगावं आणि पुढच्याच श्वासाला "काय बघता गं हे" म्हणावं.

कुणी जुना, जाणता माणूस भेटला तर खिशात दोन हुकमी पत्ते असू द्या. हिंदी सिनेमातल्या अभिनेत्री शशिकला आपल्या सोलापूरच्या, हा पहिला. दुसरा डॉक्टर कोटणीस: माणूस सोलापूरचा, गेला चीनला, आणि १९४६ साली व्ही. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढून मुख्य भूमिका स्वतःच केली. हा पत्ता टाकला की समोरचा हात जोडतो. भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या स्मारकात कधी आत गेलात का, हे सहसा कुणी विचारत नाही.

राहता राहिलं नाटक. ते तिकीट काढून बघणं शोभत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग लागला की संयोजकांना फोन करायचा, "पास आहेत का हो?" आणि पहिल्या पाच रांगांतलाच मागायचा. पहिला अंक सुरू झाल्यावर वाकून, लोकांच्या पायांवरून आत शिरायचं. मध्यंतरात बाहेर वडा खाताना रिकाम्या मागच्या रांगांकडं बोट दाखवून हळहळायचं, "आपल्या गावात नाटकाची आवडच राहिली नाही बघा. अतुल कुलकर्णी इथं थांबला असता तर काय झालं असतं त्याचं?"

पास मागताना मात्र चार मागा. एकट्यानं जाऊन फुकट नाटक बघणं बरं दिसत नाही.