पॉवर मीटरच्या सेन्सरची केबल लांबवण्याबाबत आपल्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तराला आठ दिवस लागले, कारण त्यातील एका मुद्द्यासाठी मला वावरात जाऊन पुन्हा मोजणी करावी लागली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: पॉवर मीटर (रेडिओतून अँटेनाकडे जाणारी आणि तिथून परत फिरणारी पॉवर मोजणारे यंत्र) आणि त्याचा सेन्सर यांना जोडणारी दीड मीटरची केबल लॅनच्या केबलने पंचवीस मीटरपर्यंत वाढवता येते, असे मी मागील लेखात बेधडक लिहिले, निर्मात्याने केबल आखूड दिली ती विचार करूनच, लांब केबलमध्ये पॉवर वाया जाऊन मीटर कमी आकडा दाखवणार, आणि असे सल्ले देऊन मी नवख्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींची दिशाभूल करतो आहे. सेन्सर घरातच रिगशेजारी (रेडिओ संचाशेजारी) ठेवला तर हा खटाटोप हवाच कशाला, असेही आपण विचारले आहे.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. माझे घर यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात आहे, आणि अँटेनाचा खांब घरामागच्या वावरात, कोठ्याच्या पलीकडे उभा आहे. रिगपासून खांबापर्यंत पंचवीस मीटर आरजी-५८ कोॲक्स (अँटेनाला पॉवर नेणारी जाळीदार केबल) जाते आणि १४ मेगाहर्ट्झवर तिच्यात सव्वा ते दीड डेसिबलचा ऱ्हास होतो. अँटेनाकडून परत फिरलेली पॉवर हा ऱ्हास दुसऱ्यांदा सोसते, त्यामुळे खांबाशी ३ असलेला एसडब्ल्यूआर (किती पॉवर परत फिरते याचे माप; १ म्हणजे काहीच नाही) घरात जेमतेम २.१ दिसतो. म्हणजे कोॲक्स जितकी वाईट, तितका अँटेना घरबसल्या चांगला वाटतो. खांबापाशी खरोखर काय चालले आहे हे पाहायचे असेल, तर सेन्सर तिथेच हवा आणि मीटर डोळ्यांसमोर टेबलावर हवा.

आता मूळ आक्षेप. केबल लांबवली की पॉवर वाया जाते, हे विधान त्या केबलमधून नेमके काय वाहते यावर अवलंबून आहे. माझ्या मीटरचा सेन्सर, कॉलिन्स कंपनीतील वॉरन ब्रूएन यांनी १९५९ साली मांडलेल्या जातीचा आहे. डबीत एक टोरॉइड (कड्याच्या आकाराचा गाभा), कपॅसिटरचा विभाजक आणि दोन डायोड आहेत. रेडिओ लहरींचे एकदिश विद्युतदाबात रूपांतर त्या डबीतच होते. अँटेनाकडे जाणारी आणि तिथून परत येणारी पॉवर दर्शवणारे दोन डीसी, म्हणजे एकदिश, व्होल्टेज तेवढे केबलमधून मीटरकडे येतात. कॅट-५, म्हणजे लॅनच्या, केबलच्या एका तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ८४ ओहम असतो, म्हणजे पंचवीस मीटरला जाऊन-येऊन ४.२ ओहम झाले. माझ्या मीटरच्या वाटेत एकूण ४७ किलोओहमचा रोध आधीच आहे. त्यात चार ओहमची भर पडल्याने होणारी चूक दहा हजारांत एक भागही भरत नाही. काट्याची जाडी त्याहून कितीतरी मोठी चूक करते.

मीटरचा रोध कमी असला तर काय, ही शंका आपल्याला येईल म्हणून बर्ड ४३ या पॉवर मीटरचे उदाहरण घेतो. त्याचा काटा ३० मायक्रोअँपिअरचा असून कॉइलचा रोध सुमारे १४०० ओहम आहे. तिथे ४.२ ओहमने प्रवाह फार तर ०.३ टक्क्याने घटेल. त्या मीटरची ग्वाही मुळातच पूर्ण मापाच्या ±५ टक्क्यांची आहे, आणि त्याचा लाइन सेक्शन (सेन्सरचा भाग) बाहेर काढून केबलने दूर बसवण्याची सोय निर्मात्यानेच ठेवलेली आहे. तेव्हा आखूड केबल म्हणजे तांत्रिक मर्यादाच, असे प्रत्येक वेळी धरून चालता येत नाही.

इतके लिहिल्यावर माझी चूक कबूल करणे क्रमप्राप्त आहे, आणि ती लहान नाही. सेन्सर कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहा, हे एक वाक्य मी लेखात लिहायला हवे होते आणि लिहिले नाही. काही मीटरांच्या सेन्सरमध्ये डायोड नसतातच. तिथून विद्युतदाब आणि प्रवाह यांचे कच्चे आरएफ (रेडिओ लहरींचे) नमुने दोन सारख्या लांबीच्या कोॲक्समधून मीटरकडे येतात आणि त्यांच्यातील कला-अंतर (फेजचा फरक) मीटर मोजतो. अशा मीटरला आपला आक्षेप पूर्णपणे लागू आहे. २८ मेगाहर्ट्झवर साध्या पॉलिथिलीनच्या कोॲक्समध्ये एक मीटरचा फरक म्हणजे कला-अंतरात सुमारे ५० अंशांचा फरक, आणि तिथे लॅनची केबल जोडणे म्हणजे मीटर निकामी करणेच होय. माझा लेख वाचून कुणी असे केले असेल, तर तो दोष माझा आहे.

आणखी एक गोष्ट मी लेखातून वगळली होती, आणि खरे सांगायचे तर ती थोडी संकोचापोटीच वगळली. दोन वर्षांपूर्वी मी एडी८३०७ या लॉग अँप्लिफायरच्या (पॉवरचे माप डेसिबलमध्ये देणाऱ्या चिपच्या) दोन चकत्या वापरून घरीच एक सेन्सर तयार केला होता. त्याला पाच व्होल्टचा पुरवठा याच लांब केबलमधून दिला आणि पुरवठा व संकेत या दोन्हींसाठी परतीची तार एकच ठेवली. मीटर प्लॅस्टिकच्या डबीत, वेगळ्या बॅटरीवर होता, त्यामुळे परतीच्या प्रवाहाला कोॲक्सच्या जाळीतून दुसरी वाट नव्हती. शंभर वॉटच्या रिगमधून मला एकशेतीस वॉट दिसू लागले आणि दोन दिवस मी खुशीत होतो. हिशेब मात्र साधा आहे. प्रत्येक चकती सुमारे साडेसात मिलिअँपिअर घेते. दोहोंचे पंधरा मिलिअँपिअर २.१ ओहमच्या तारेतून परतताना ३१ मिलिव्होल्ट निर्माण करतात आणि ते थेट संकेतात मिसळतात. या चकतीचे माप डेसिबलला २५ मिलिव्होल्ट असल्यामुळे ३१ मिलिव्होल्ट म्हणजे सव्वा डेसिबल, म्हणजेच एक तृतीयांश पॉवर फुकटची. सेन्सरला त्याच्याच डबीत स्वतंत्र बॅटरी दिल्यावर ती वाढीव पॉवर नाहीशी झाली. तेव्हा केबल लांबवल्याने आकडा बिघडतो हे आपले म्हणणे अशा सेन्सरपुरते खरे आहे. फक्त तो कमी न होता वाढतो आणि त्याचे कारण ऱ्हास हे नाही.

ज्यासाठी मी वावरात गेलो, तो मुद्दा आपण ओझरता मांडला आहे, पण माझ्या मते सर्वांत वजनदार तोच आहे. लांब केबल स्वतःच अँटेना होऊन बसते. ७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी, म्हणजे अँटेना व्हायला पुरेशी लांबी, साधारण दहा मीटरची असते, आणि माझी पंचवीस मीटर केबल धुऱ्यावरून खांबाच्या दिशेने सरळ गेलेली होती. रिग बंद असतानाही परतीच्या पॉवरचा काटा दर सेकंदाला किंचित उडी मारतो, हे या वेळी माझ्या लक्षात आले. रोही आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावलेल्या झटका मशीनचे ते ठोके होते. तिच्या तारेला समांतर धावणारी माझी केबल प्रत्येक ठोका इमानाने घरात आणून पोहोचवत होती. जी केबल झटका मशीन ऐकते, ती माझे स्वतःचे प्रसारणही ऐकणार, हे उघड आहे.

याची परीक्षा सोपी आहे. सेन्सर कोॲक्सपासून सोडवून, केबलला जोडलेलाच ठेवावा आणि रिगमधून सरळ अँटेनाला पॉवर द्यावी. सेन्सरमधून काहीच जात नसताना काटा हलला, तर तो केबलने पकडलेली आरएफ दाखवतो आहे. माझा काटा पाच वॉटइतका हलला. मग साध्या लॅन केबलऐवजी जाळीचे आवरण असलेली केबल घेतली, आवरण सेन्सरच्या धातूच्या डबीला जोडले, दोन्ही टोकांना प्रत्येक संकेताच्या तारेवर ०.०१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बसवले, मीटरच्या टोकाशी फेराइटच्या कड्यात केबलचे आठ वेढे घेतले आणि केबल धुऱ्यावरून काढून कोठ्याच्या भिंतीने फिरवली. आता काटा जागचा हलत नाही. हे सारे मूळ लेखात असायला हवे होते. आपल्या प्रतिक्रियेतील मोटरपंपाची जाड केबल वापरण्याची सूचना मात्र मला पटत नाही: जाडीची येथे गरजच नाही आणि तिला जाळीचे आवरण नसते.

ओघात एक गोष्ट सांगतो, जी आपण उपस्थित केलेली नाही. सेन्सर बाहेर नेल्याने मला खरी चूक भोवली ती उन्हामुळे. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते, तेव्हा पत्र्याच्या डबीत ६० अंश सहज होतात. डायोडवरील विद्युतदाब अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो. २५ अंशांपासून ६० पर्यंत, अशा पस्तीस अंशांच्या फरकाने ७० मिलिव्होल्ट झाले. शंभर वॉटला ही चूक किरकोळ आहे, पण पाच वॉटला, जिथे डायोडपाशी एखादाच व्होल्ट येतो, तिथे पॉवरचा आकडा दहा टक्क्यांहून अधिक चढतो. डबीवर पऱ्हाटीच्या पेंढ्यांची सावली केल्यावर फरक बराच कमी झाला.

मूळ लेखात मी आजच दुरुस्ती केली आहे. आरएफ नमुने पाठवणाऱ्या सेन्सरची केबल वाढवू नये, हे आता पहिल्याच परिच्छेदात आहे. आपला मीटर कोणत्या जातीचा आहे हे आपण लिहिलेले नाही. सेन्सरची डबी उघडून आत डायोड दिसतात का, एवढे कळवल्यास पुढचे नेमके सांगता येईल.

आभाळातल्या विजेबद्दलची आपली काळजी रास्त आहे. कोॲक्सच्या जोडीला ही केबल म्हणजे घरात शिरणारी दुसरी वाट आहे, आणि डायोड तर जवळच्या कडकडाटानेही जातात. म्हणून मी मीटरकडचे टोक प्लगचे ठेवले आहे. काम संपले की ते काढून खिडकीबाहेर टाकतो, आणि मृगाच्या आधी सबंध केबल गुंडाळून कोठ्यातल्या उंच खुंटीला अडकवतो, कारण खाली ठेवली तर उंदीर ती पावसाळाभर टिकू देत नाहीत.