गाडी कुठली?

दसऱ्याला सकाळी गाडी धुतली, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, बायकोने हळदकुंकू वाहिलं, लेकीने फोटो काढले, आणि मी पेढा तोंडात टाकून ऐटीत किल्ली फिरवली तर गाडी म्हणाली टक. एकदाच. परत फिरवली तर तेवढंही म्हणाली नाही.

आता ही गाडी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. इंग्लंडमध्ये 1957 साली लोटस सेव्हन नावाची एक चिमुकली, उघडी, दोन माणसांची गाडी निघाली, जी सुटे भाग घेऊन घरी जोडताही यायची कारण तयार गाडीवर जो टॅक्स होता तो सुट्या भागांवर नव्हता (इंग्लंडात पण पुणेकर असतात). तिच्या नकला जगभर झाल्या, आपल्याकडे अलिबागेकडेही एके काळी व्हायच्या, आणि तसलीच एक सेकंडहँड मी एका हळव्या क्षणी घेतली. फायबरची बॉडी, अ‍ॅम्बॅसेडरमध्ये यायचं ते इसुझूचं 1.8 इंजिन, आणि छप्पर नाही. छप्पर नाही म्हणून जून ते सप्टेंबर ती कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चादर ओढून पडलेली असते. चार महिने पडून राहिली की लेड-अ‍ॅसिड बॅटरी हळूहळू आपणहून उतरते, प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, तो जुना झाला की दगडासारखा होतो आणि मग चार्जरला लावून काही उपयोग नसतो. मल्टिमीटर लावला तर 9.8. तब्येतीत असलेली बॅटरी 12.6 दाखवते. म्हणजे गेलीच.

तळमजल्यावरचे काका म्हणाले, "त्यात काय एवढं, बॅटरी बदला."

बॅटरी बदला! काकांची गाडी शोरूममधून आलेली आहे. ते फोन करतात, गाडीचं नाव सांगतात, तासाभरात स्कूटरवरून एक पोरगा बॅटरी घेऊन येतो, दहाच्या पान्याने जुनी काढतो, नवी बसवतो, जुनी घेऊन जातो, काका तोवर चहासुद्धा संपवत नाहीत. सगळ्या जगाचा असा समज आहे की गाडीवरून बॅटरी ठरते. माझ्या गाडीत ती डब्यावरून ठरते.

कारण पुढे इंजिनाशेजारी बॅटरीला जागाच नाही, ती मागे डिकीत. डिकी आपलं म्हणायचं, दोन डबे आणि एक छत्री मावेल एवढा खड्डा आहे तो. त्या खड्ड्यात आधीच्या मालकाने कुठल्या तरी फॅब्रिकेटरकडून एक पत्र्याचा डबा वेल्ड करून घेतलाय, वर अ‍ॅल्युमिनियमच्या चेकर प्लेटचं झाकण. मागे वजन गेलं की गाडी तोलात राहते, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. डबा कुठल्या बॅटरीच्या मापाने केला ते मात्र तो माणूस सांगून गेला नाही, तो आता परदेशात आहे, आणि जुन्या बॅटरीवरचं लेबल अ‍ॅसिड आणि काळ यांनी मिळून खाल्लं होतं.

पहिल्यांदा ऑनलाइन बघितलं. तिथे पहिला रकाना कंपनी, दुसरा मॉडेल, आणि ते दोन भरल्याशिवाय तिसरं पान उघडत नाही. मी अ‍ॅम्बॅसेडर टाकलं, कारण इंजिन तेच. जी निघाली ती माझ्या डब्यापेक्षा चार बोटं लांब. मग बॅटरी उचलून डबा रिकामा केला, टेप लावला आणि आतली मापं घेतली: लांबी 210 मिलिमीटर, रुंदी 140, उंची 215. तीन वेळा मोजली. हे मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येईल.

आता बॅटरीच्या मापांचं असं आहे की त्यांची दोन घराणी आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. एक जपानी. त्यांचं नाव असतं 38बी20एल असलं, पंचांगातल्या नोंदीसारखं, पण कळलं की सोपं आहे, 38 म्हणजे ताकदीचा नंबर, बी म्हणजे रुंदी-उंचीचा वर्ग, 20 म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी, आणि एल म्हणजे टर्मिनल कुठल्या बाजूला ते. हे शेवटचं वाचून मी दोन मिनिटं खूश होतो, मग डोक्यात आलं की डावीकडे म्हणजे कुठून बघून डावीकडे? तर आडव्या, अरुंद बाजूने बघून. बॅटरीकडे कुठला माणूस आडव्या बाजूने बघतो? समोरून बघितली तर एल वालीचा प्लस उजवीकडे येतो. दुसरं घराणं जर्मन, डीन 44 वगैरे म्हणतात ते. त्या बुटक्या आणि रुंद, टर्मिनल खाली दबलेली, आणि जाडजूड, म्हणजे एका घराण्याची क्लिप दुसऱ्याला नीट लागत नाही, मग मेकॅनिक मध्ये पत्र्याची पट्टी सारून वेळ मारून नेतात.

तर जपान्यांची छोटी, म्हणजे आल्टोला लागते ती, 197 लांब, 129 रुंद. वा! बसली! उंची टर्मिनल धरून 227. डबा 215. जर्मनांची बुटकी 175 किंवा 190 उंच. वा! रुंदी 175. डबा 140. म्हणजे एक रुंदीने पास होऊन उंचीत नापास, दुसरी उंचीने पास होऊन रुंदीत नापास, लग्नं जमवणाऱ्या बायकांना हे रोजचं असेल पण मी त्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन पलंगावर बसलो होतो.

"बारा मिलिमीटरच तर आहे, झाकण दाबून बसव," बायको म्हणाली. दाबून बसवायला ती काय पुरणपोळी आहे? झाकण अ‍ॅल्युमिनियमचं, दोन्ही टर्मिनल एकदम त्याला टेकली की ती बॅटरी राहत नाही, वेल्डिंग मशीन होतं, ते पण पेट्रोलच्या टाकीशेजारी. वर परत साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि तो हवेत चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. त्यासाठी डब्याला बाहेर जाणारी नळी आहे. होती म्हणू, कारण बघितली तर तिच्यात कुंभारमाशीने मातीचं पक्कं घर बांधलेलं होतं. सायकलच्या स्पोकने ते पाडलं तेव्हा जरा वाईट वाटलं, तिला त्या डब्यात बरोबर मापाची जागा मिळाली होती.

शेवटी लेकीने उपाय काढला. पुठ्ठा कापून, सेलोटेप लावून 210 बाय 140 बाय 215 चं एक खोकं केलं. "बाबा, गाडीचं नाव सांगूच नको. हे काउंटरवर ठेव, म्हण यात बसेल ती द्या." मला अभिमान वाटला. खोकं साधं दिसू नये म्हणून तिने त्याला घरातला सोनेरी कागद लावला, आणि तिथे चुकलं. कारण तोवर दिवाळी चार दिवसांवर आली होती. नाना पेठेतल्या पहिल्या दुकानात मी हसतमुखाने ते खोकं काउंटरवर ठेवलं, शेठ उठून उभे राहिले, "अरे साहेब, कशाला हे!" म्हणाले आणि खोकं मागच्या पोराकडे देऊन, "आत ठेव रे, आणि साहेबांना चहा सांग." आता दिलेली भेट परत कशी मागायची? मी चहा प्यायलो. मग घसा साफ करून म्हणालो, ते जरा परत पाहिजे होतं. शेठनी ते हलवून बघितलं, रिकामं. त्यानंतर आमच्यात जे वातावरण होतं त्यात बॅटरी विकत घेणं शक्य नव्हतं.

सोनेरी कागद काढून पुढच्या दुकानांत गेलो. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, "गाडी कुठली?" मी म्हणायचो गाडीचं सोडा. सोडायला कोणी तयार नाही. एक जण म्हणाला लिथियम घ्या, चार-पाच किलोत काम होतं, आणि ते खरंही आहे, पण किंमत ऐकून मी खोकं उचललं. एकाने यूपीएसची 26 अ‍ॅम्पियरवाली काढली, 175 बाय 125 बाय 166, खोक्यात अशी अलगद उतरली की डोळ्यात पाणी आलं, तर शेजारी उभा असलेला गिऱ्हाईक म्हणाला, ही कॉम्प्युटर चालवायला आहे, सेल मारायला नाही, स्टार्टर एका दमात दीडदोनशे अ‍ॅम्पियर ओढतो, ही चार दिवसांत झोपेल. बरोबर होतं त्याचं. त्यात माझी बॅटरी मागे आणि स्टार्टर पुढे, चार मीटर केबल, ती बारीक असेल तर जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो, म्हणून तर त्या गाडीला वेल्डिंगची जाड केबल टाकलेली आहे.

आणखी एक जण म्हणाला, मोठ्या अ‍ॅम्पियरची लावू नका, स्टार्टर जळेल. हे पुण्यात निम्म्या लोकांना वाटतं आणि चूक आहे. सोसायटीने गच्चीवरची टाकी दुप्पट केली म्हणून नळाला दुप्पट पाणी येत नाही, जेवढा नळ सोडाल तेवढंच येतं, फक्त जास्त वेळ येतं. हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "आमच्याकडे येतच नाही पाणी." तो विषय मग अर्धा तास चालला.

एका ठिकाणी तर मला सीसीएवर व्याख्यान मिळालं. सीसीए म्हणजे कडाक्याच्या थंडीत बॅटरी किती करंट देते तो आकडा, आणि तो मोजतात उणे 18 अंशाला. उणे 18! आपल्याकडे 12 वर पारा आला की पर्वती चढणारे माकडटोपी घालतात. इथल्या बॅटऱ्या थंडीने नाही, एप्रिल-मेच्या उन्हाने मरतात. पण तो माणूस इतक्या कळकळीने सांगत होता की जणू मी ती गाडी घेऊन लडाखलाच निघालोय, मी ऐकून घेतलं.

घरी येताना सिग्नलला थांबलो असताना विचार आला, लेड-अ‍ॅसिड बॅटरी प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने 1859 साली केली. पुण्याला रेल्वे आली त्याच्या आदल्या वर्षी. तेव्हापासून हे लोक एक सर्वमान्य खोकं ठरवू शकलेले नाहीत. त्याच तारेत भोसरीच्या एका फॅब्रिकेटरला फोन केला, की झाकण बारा मिलिमीटर वर उचलून द्या. तो म्हणाला दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर ते म्हणाला नाही.

शेवटी घराजवळच्याच एका छोट्या दुकानातला पोरगा, विशीचा असेल, म्हणाला, "काका, मी आल्टोची घेऊन येतो, लावून बघू. नाही बसली तर परत नेतो, हाय काय न नाय काय." मी त्याला खोकं दाखवलं, आकडे दाखवले, जपानी आणि जर्मन समजावून सांगितलं. तो हो हो म्हणाला. संध्याकाळी अ‍ॅक्टिवाच्या पायाशी बॅटरी उभी ठेवून आला. मी छातीवर हाताची घडी घालून उभा राहिलो, कारण मला माहीत होतं काय होणार. ठेवली, झाकण टेकवलं, बारा मिलिमीटर वर. माझं गणित शंभर टक्के बरोबर आलं. मी काकांकडे बघितलं. काका माझ्याकडे बघत होते.

पोराने बॅटरी बाहेर काढली, हातातल्या पान्याने डब्याच्या बाजूला मारलं. ठण. तळाला मारलं. टुक. परत बाजूला, ठण. परत तळाला, टुक.

"काका, हे लाकूड आहे."

स्क्रूड्रायव्हर कोपऱ्यात घालून त्याने उचकटली तर 18 मिलिमीटर प्लायवूडची एक फळी सरळ वर आली, डब्याबरोबरच काळा रंग मारलेली, अ‍ॅसिडच्या पांढऱ्या भुकटीने माखलेली. आधीची बॅटरी बुटकी असणार, म्हणून कोणी तरी खाली टेकू दिला होता. मी ती फळी तीन वेळा मोजली होती. नाना पेठेत तिचं सोनेरी कागदात प्रदर्शन मांडलं होतं.

फळी काढल्यावर आल्टोची बॅटरी आत गेली, वर सहा मिलिमीटर उरले, झाकणाला आतून जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं. प्लस उलट्या बाजूला येत होता तर मी एल आणि आर चा सिद्धांत काढणार तेवढ्यात त्याने बॅटरी उचलून गोल फिरवून ठेवली. पट्टा आवळला, दहाचा पाना, सेल मारला आणि पहिल्या फटक्यात इंजिन असं गरजलं की पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे अलार्म वाजले. काकांचा चहा अजून गरम होता.

जुनी बॅटरी जमा करून पैसे कमी केले, आणि पोरगा वॉरंटी कार्ड भरायला बसला. नाव विचारलं, फोन विचारला, आणि मग मान वर न करता म्हणाला,

"गाडी कुठली?"

महिनाभर हा प्रश्न चुकवत फिरलो होतो, आता वेळ होता, इंजिन चालू होतं. मी त्याला सगळं सांगितलं. 1957, इंग्लंड, टॅक्स, अलिबाग, इसुझू. तो मन लावून ऐकत होता, मान डोलवत होता, पेन चालू होतं. कार्ड माझ्या हातात दिलं, स्कूटरला किक मारली, गेला. मी चष्मा लावून बघितलं. मॉडेलच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं: आल्टो, लाल.