गच्चीवर कोण राहतं?

टपरी स्वतःच फुटपाथवर आहे, हा मुद्दा आमच्या कट्ट्यावर काढायचा नाही, असा नियम आहे. एकदा एकानं काढला होता. पुढे बरेच दिवस त्याला गार चहा मिळत होता.

तर रविवारी सोसायटीचे चेअरमन फाइल घेऊन आले. गल्लीतल्या एका बंगल्यात तळमजल्यावर जे क्लाउड किचन (बसून खायची सोय नाही, नुसत्या ॲपवरच्या ऑर्डरी) सुरू झालंय, त्याच्याविरुद्धचा अर्ज. त्याच्या वासावरून आणि रात्रीच्या गाड्यांवरून गल्लीच्या ग्रुपवर महिनाभर भांडण चाललंय, ते परत उगाळत नाही. चेअरमननी कट्ट्यावर रुमाल अंथरला, रुमालावर बसले, चष्मा बदलला आणि वाचायला लागले. "सविनय सादर की, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस विनंती करण्यात येते की..."

"उपरोक्त विषय कुठला ते आधी सांगा," ताई म्हणाल्या. "चहा निवतोय."

ताईंचं चौकात पोळी-भाजी केंद्र आहे. रात्रीचं माझं जेवण तिथूनच येतं, तेव्हा माझ्या निःपक्षपातीपणावर फार विसंबू नका.

चेअरमन म्हणाले, "विषय सरळ आहे. ही निवासी गल्ली आहे. आर-वन. रस्ता नऊ मीटरसुद्धा नाही, मी स्वतः मोजलाय." हे खरं आहे. पहाटे टेप घेऊन मोजत होते, तेव्हा कोपऱ्यावरचं काळं कुत्रं त्यांच्या मागे लागलं होतं. टेपचं दुसरं टोक धरायला वॉचमनला उठवलं होतं, त्यानं टेप टाकून पळ काढला. त्यामुळे त्या मोजणीवर कितपत विश्वास ठेवायचा कोण जाणे.

वकिलांनी क्रीमरोल खाली ठेवला. "२०२० च्या डिसेंबरपासून मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला बांधकामाची आणि जागेच्या वापराची एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर. रस्ता अरुंद असेल तर आर-वन, रुंद असेल तर आर-टू. आर-टूला तळमजल्यावर बरंच काही चालतं. आर-वनला नाही."

"म्हणजे रस्ता रुंद असला की फोडणीचा वास येत नाही?" ताई.

"कायद्यात वासाचा विचार..."

"मग कशाचा केलाय?"

बंट्या म्हणाला, "काका, पण ते एक हॉटेल नाहीये, चार आहेत. ॲपवर चार नावं दिसतात. एक बिर्याणीवालं, एक पराठेवालं, एक चायनीज आणि एक ते घरच्यासारखं जेवण. चौघांचा पत्ता एकच, कढई पण एकच असेल."

चेअरमननी लगेच पेन काढून समासात लिहिलं, "चार आस्थापना." बंट्याचा चेहरा पडला. तो तिथला रोजचा गिऱ्हाईक आहे, पुरावा द्यायला आला नव्हता.

"नगररचनेचा कायदा, एमआरटीपी १९६६, कलम ५३," चेअरमन पुढे सुटले. "विनापरवाना वापर बदल. नोटीस निघालीच पाहिजे. आणि सुप्रीम कोर्टानं १७ डिसेंबर २०२४ ला मेरठच्या शास्त्रीनगरबाबत काय सांगितलंय? निवासी प्लॉटवर दुकानं बांधली होती, पाडा म्हणून सांगितलं. किती वर्षं उभी आहेत, ते बघू नका म्हणाले."

वकील म्हणाले, "तिथं बांधकामच बेकायदा होतं हो. इथं बंगला आपल्या आधीचा आहे. आणि कोर्टाचंच काढायचं तर दिल्ली काढा. २००६ साली निवासी भागातल्या दुकानांना धडाधड सील ठोकलं. पुढच्याच वर्षी नवा मास्टर प्लॅन आला आणि त्यात रस्तेच्या रस्ते मिश्र वापराचे करून टाकले. सील ठोकणारे थकले, दुकानदार नाही थकले."

"इथलं कल्याणीनगर होईल!"

"तिथं पब होते, चेअरमन. इथं आलू पराठा मिळतो," ताई म्हणाल्या. "नशा चढली तर दह्याची चढेल."

इथं खरं तर विषय संपायला हवा होता, पण वकिलांना राहवलं नाही. त्यांनी फोनवर नियम काढला. घरगुती व्यवसायाला निवासी भागात मुभा आहे, मात्र घरातल्याच माणसानं करायचा, पगारी माणूस ठेवायचा नाही आणि खाण्यापिण्याचा धंदा त्यात धरत नाहीत. वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय वाचलं. सगळे ताईंकडे बघायला लागले. ताईंकडे दोन बायका पोळ्या लाटायला येतात, हे अख्ख्या कोथरूडला माहीत आहे.

"त्या पगारी नाहीत," ताई शांतपणे म्हणाल्या. "त्या माझ्या भावजया आहेत."

"कुठल्या भावाच्या?"

"दर भाऊबीजेला ओवाळून घेता ना माझ्याकडून? तुमच्याच. दोघीही."

वकिलांना ठसका लागला. सरांनी त्यांच्या पाठीवर थापटलं, जरा जास्तच जोरात.

"आणि तुमच्या हॉलबाहेर अशिलांच्या एवढ्या चपला असतात," ताई थांबायला तयार नव्हत्या, "त्या कुठल्या झोनमध्ये बसतात?"

"वकिली हा पेशा आहे. तो धंदा नव्हे, असं सुप्रीम कोर्टानंच..."

"पैसे घेत नाही?"

"फी घेतो."

"मग मीही पोळीची फी घेते."

आता थोडं माझं. चेअरमन बोलतात ते सगळंच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. किचनच्या एक्झॉस्टचं तोंड बरोबर समोरच्या आजोबांच्या खिडकीवर आहे. त्यांना दम्याचा त्रास आहे. त्यांच्याकडे गेलो की पडद्यालासुद्धा तळणाचा वास येतो. रात्री एकपर्यंत गाड्या येतात, ऑर्डर नंबरचा पुकारा होतो. त्या डिलिव्हरीच्या पोरांचा तरी काय दोष? बसायला जागा नाही, बाथरूम नाही, सोसायटीत शिरले की वॉचमन लिफ्टला हात लावू देत नाही. उभी कुठं राहणार? गल्लीत. मेन रोडचं भाडं मालकाला परवडत नाही म्हणून किचन आत आलं आणि वाचलेल्या भाड्याची किंमत आजोबा आणि ती पोरं मोजतायत. हे मी बोललो, तर चेअरमननी "अगदी बरोबर" म्हणून माझ्याकडे फाइल सरकवली. मी चहात खारी बुडवली. ओल्या हातानं सही करत नाहीत.

ताई म्हणाल्या, "आणा कागद. झोन-बिन खोडा. लिहा: एक्झॉस्टचा पाइप छपराच्या वर न्या. बोळात १९ किलोचे सिलिंडर उभे केलेत, ते हलवा. रात्री दहानंतर गल्लीत हॉर्न नाही, आरडाओरडा नाही, आणि पोरांना आवारात बसायला बाक टाका. एवढंच लिहा, पहिली सही माझी."

चेअरमन अस्वस्थ झाले. "असं लिहून कसं चालेल? असं लिहिलं तर ते तसं करतील."

"मग?"

"मग किचन राहील ना!"

हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. नंतर त्यांनी सावरायचा प्रयत्न केला. संस्कृती म्हणाले, शांतता म्हणाले, पूर्वीचं कोथरूड म्हणाले. पूर्वीचं कोथरूड निघालं की आम्ही समजतो, मुद्दे संपले. हेच गृहस्थ वर्षानुवर्षं गणपतीत माइक धरून सांगायचे की कोथरूडचं नाव गिनीज बुकात आहे, आशियात सर्वांत वेगानं वाढणारं उपनगर म्हणून. ते पान आजवर कुणी पाहिलेलं नाही. वेगानं वाढायचं, पण आपला फ्लॅट ताब्यात मिळाला की थांबायचं!

"खरं सांगू का?" ताई म्हणाल्या. "तिथं दिवसभर साबुदाणा वडे तळले असते तर तुम्ही फाइल काढली नसती. लाइनीत पहिले उभे राहिला असतात."

"माझा कुणाच्या खाण्याला विरोध नाही," चेअरमन म्हणाले. "पण गुरुवारी संध्याकाळी खिडकीतून... म्हणजे... तो वास..."

"हां. असं बोला. त्याला कुठलं कलम लावणार?"

बंट्यानं फोन वर धरला होता. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, हे चेअरमनच मघाशी म्हणाले होते, म्हणून त्यानं आवाज मोजायचं ॲप लावलं होतं. "काका, परत एकदा 'नोटीस निघालीच पाहिजे' म्हणा. मघाशी काटा लाल झाला होता."

मग सर बोलले. सर गणिताचे, कमी बोलतात. "चेअरमन, तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे."

"तो सोसायटीच्या उत्पन्नासाठी. जनरल बॉडीचा ठराव आहे."

"असेल. पण गच्ची निवासी आहे ना? तिथं कोण राहतं?"

चेअरमननी फाइलची दोरी बांधायला घेतली. ताईंनी तेवढ्यात विचारून घेतलं की मिळकत करात घरमालक स्वतः राहतो म्हणून जी ४० टक्के सवलत मिळते, तिचा पीटी-३ अर्ज भरताना मागची खोली दाखवली होती का, जिथं चार पेइंग गेस्ट मुली राहतात. चेअरमन म्हणाले, त्या मुली नात्यातल्या आहेत.

"भावजया का?" वकील म्हणाले. मघापासून बिचारे संधीच शोधत होते.

हे झोंबलं असावं, कारण चेअरमन एकदम सरांवर घसरले. "तुम्ही तर बोलूच नका. तुमच्या शिकवणीनं ही गल्ली पहिल्यांदा बिघडली. पहाटे सहापासून सायकली! माझ्या कंपाउंडला टेकवून! रंगाचे पोपडे निघाले होते."

"आणि त्या सायकलींची हवा कोण सोडायचं, ते सांगा की," सर म्हणाले.

चेअरमन गप्प.

"थांबा, थांबा," वकील उठून उभे राहिले. "हवा तुम्ही सोडायचात? मी सरांकडे दहावीला होतो! आमचं घर तेव्हा शनिपाराजवळ. भर पावसात इथून शनिपारापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलोय मी. घरी मार खाल्ला तो वेगळा. आणि नुसती हवा नव्हती गेली, व्हॉल्व्ह पण गायब होते!"

"याला मुदतीचा कायदा लागतो," ताई म्हणाल्या. "तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, तीन वर्षं गेली की दावा गेला?"

"हवेचा गेला असेल. व्हॉल्व्ह ही जंगम मालमत्ता आहे!"

सरांनी पेन मागितलं आणि अर्जाच्याच मागं हिशोब मांडला. बॅचला पस्तीस मुलं, प्रत्येकी दोन चाकं. बंट्या हसून हसून कट्ट्यावरून उतरला. टपरीवाला किटली घेऊन बाहेर आला, काय झालं विचारायला. सह्यांचा विषय कधी मागं पडला, कळलंच नाही. चेअरमननी रुमाल झटकून घडी घातला, खिशात ठेवला, तरी जाईनात.

"किती घेतले होते?" वकिलांनी विचारलं. "खरं सांगा. फेकून दिलेत ना?"

चेअरमनना हा आरोप मात्र सहन झाला नाही.

"फेकीन कशाला?" ते म्हणाले. "माळ्यावर आहेत. डब्यात. बॅचप्रमाणे."