झुलत्या पुलापलीकडचं गोकाक

बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक धबधब्यावरच्या तुमच्या लेखात झुलता पूल सविस्तर आला, पण काठावरचं चालुक्यकालीन महालिंगेश्वराचं देऊळ तुम्ही एका ओळीत उरकलंत, ते खटकलं. जाणारा प्रत्येकजण १७० फुटांच्या धारेचा फोटो काढतो नि देवळाकडे पाठ करून माघारी फिरतो! धबधब्याजवळच्या कापड गिरणीचंही तेच. घटप्रभा नदीचं पाणी नळांतून खाली सोडून तिथं १८८७ साली वीज केली होती, हे नव्या पोरांना सांगायला हवं होतं. आम्ही लहानपणी पावसाळ्यात बेळगावहून जायचो. सुमारे २०० मीटरचा तो पूल, मध्यावर पोचलं की हलायला लागायचा, आणि आई माझं मनगट अस्सं धरायची की वळ उठायचे. खाली सगळं तांबडं पाणी. येताना करदंट, म्हणजे तिथली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, मात्र हमखास.