ब्लू हीलर लांडग्याचा संकर नाही

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय: ‘ब्लू हीलर म्हणजे अर्धा लांडगा, लहान मुलांवर हल्ला करतो, सोसायटीतून हाकला.’ हे साफ चूक आहे.

ब्लू हीलर ही कुत्र्याची जात ऑस्ट्रेलियातली. न्यू साउथ वेल्समध्ये गुरांचे मोठे कळप शेकडो मैल हाकत न्यावे लागत. थॉमस हॉल या पशुपालकाने 1840च्या सुमारास इंग्लंडहून आणलेल्या गुराखी कुत्र्यांचा माणसाळवलेल्या डिंगोशी संकर केला. डिंगो म्हणजे लांडगा नव्हे. हजारो वर्षांपूर्वी माणसांबरोबर तिथे पोहोचलेल्या कुत्र्यांचा तो वंश. पुढे रॉबर्ट कॅलेस्की यांनी या जातीचे निकष लिहून काढले.

आता चावण्याचं. हा कुत्रा गुराच्या मागच्या टाचेला खालून हलकेच दात लावतो आणि लाथ यायच्या आत जमिनीला चिकटतो. नावातला ‘हील’ तोच, टाच. काल पार्किंगमध्ये धावणाऱ्या मुलाच्या चपलेला आमच्या ब्लू हीलर कुत्रीने नाक लावलं, ते हेच. हा राग नव्हे. पण दात लागू शकतो, म्हणून मुलं पळापळ खेळत असताना मी तिला पट्ट्यावरच धरते, आणि तुम्हीही धरा.

पिल्लं जन्मतः पांढरी असतात, निळसर रंग नंतर चढतो. तेव्हा ‘पांढरं पिल्लू म्हणजे भेसळ’ हेही खोटं. खरी अडचण वेगळीच आहे: दिवसभर काम करण्यासाठी घडवलेल्या या जनावराला वन बीएचकेत कोंडलं, तर ते घर कुरतडणारच. आम्ही रोज पहाटे तिला वेताळ टेकडीवर दीड तास पळवतो.