पाचशे अंशांचा डबा

इंजिनाच्या झाकणासाठी उष्णता सहन करणारी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, मागितल्यावर विक्रेत्याने "भिंत आतली की बाहेरची?" असे विचारावे, याचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. मी ते झाकण, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर बसणारे ओतीव ॲल्युमिनियमचे व्हॉल्व्ह कव्हर, पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवले, त्यावरची बारीक छिद्रे आणि साच्यातल्या वाळूने मागे ठेवलेला खरबरीतपणा बोट ठेवून दाखवला. रंग देण्यापूर्वी हे सारे गुळगुळीत करायचे आहे, असेही शक्य तितक्या सभ्यपणे सांगितले. त्यांनी कव्हर उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "चांगले तर आहे."

याच वेळी शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी संभाषणाचा ताबा घेतला. ते बिजागरीचे स्क्रू घ्यायला आले होते, स्क्रू त्यांच्या हातात पडले होते, पैसेही देऊन झाले होते आणि त्यांना कुठेही जायचे नव्हते.

"हे बॉनेटच्या आत राहणार ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"मग पाहणार कोण?"

"मी."

हे उत्तर त्यांना अपुरे वाटले. त्यांनी कव्हरावरून तळहात फिरवला, डोळे मिटले आणि निदान केले, "अहो, तुमचे इंजिन तापते, हा मूळ विकार आहे. तो आधी बरा करून घ्या, मग साधी लांबीसुद्धा वर्षानुवर्षे टिकेल." धडधाकट इंजिनातले पाणीही नव्वद अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तेल बहुधा त्याहून गरम असते, आणि इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वायाच जाते, हे मी त्यांना समजावून सांगितले. "नव्वद?" ते विक्रेत्याकडे वळून म्हणाले, "आणि हे त्याला धडधाकट म्हणतात!" विक्रेत्यानेही मान हलवली. त्या दुकानात बहुमत कोणाकडे आहे, हे मला तेव्हाच कळले.

साध्या लांबीबद्दल माझी तक्रार नाही. पत्र्याचा पोचा भरायला पॉलिएस्टरची लांबी उत्तम असते, ती लवकर सुकते आणि सँडपेपरखाली लोण्यासारखी उतरते. मात्र शंभर अंशांच्या आसपास तासन् तास राहायची वेळ आली की तिचा धीर सुटू लागतो, आणि पूड भाजून रंग चढवणाऱ्या पावडर कोटिंगच्या भट्टीतले १८० ते २०० अंश तर तिच्या कुवतीबाहेरचेच. दुसऱ्या टोकाला सायलेन्सरची भोके बुजवणारी सिलिकेटची पेस्ट आहे. ती हजार अंशांच्या गोष्टी करते, पण वाळल्यावर इतकी कठीण आणि ठिसूळ होते की तिला घासता घासता सँडपेपरच गुळगुळीत होतो, आणि इंजिनाच्या थरथराटाने तिचे कपचे उडतात ते वेगळेच. मला हवे होते ते या दोन टोकांच्या मधले, म्हणजे ॲल्युमिनियमची पूड मिसळलेले, दोन भाग एकत्र कालवल्यावर कडक होणारे इपॉक्सी.

विक्रेत्याने शेवटी एक डबा काढला. त्यावर "५००" हा आकडा इतका मोठा छापला होता की निर्मात्याचे नाव त्याच्या आडोशाला गेले होते. "पाचशे! संपला विषय," गृहस्थ म्हणाले. मी डबा डोळ्यांजवळ नेला. आकड्याच्या खांद्यावर मुंगीएवढ्या अक्षरात फॅरनहाइट लिहिलेले होते, म्हणजे सेल्सिअसमध्ये २६० अंश झाले. त्याखाली, त्याहूनही बारीक अक्षरांत, ही मर्यादा थोड्या वेळापुरतीच असल्याची कबुली होती. सतत किती अंश चालतील, हे कुठेच नव्हते.

"थोड्या वेळापुरतीच टिकेल, असे लिहिले आहे," मी म्हणालो.

"मग गाडी थोडा वेळच चालवा," गृहस्थ म्हणाले.

या सल्ल्यावर हसावे, असे मला आजही वाटत नाही, कारण डबा बनवणाऱ्यांचीही अपेक्षा नेमकी हीच दिसते. शंभर अंशांच्या चढउतारात एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर वाढते, ओतीव लोखंड त्याच्या निम्म्याएवढेच, आणि नुसते इपॉक्सी ॲल्युमिनियमच्या दुपटीहून अधिक. धातूची पूड ही तफावत कमी करते, म्हणूनच ती घालायची असते. थर जाड दिला की इंजिनाच्या प्रत्येक तापण्या-निवण्याबरोबर तो कडेने सुटण्याची भीती वाढते. ग्राहकाला खरोखर उपयोगी पडेल असा हा मजकूर डब्यावर एका ओळीत मावला असता, पण ती जागा चकाकत्या इंजिनाच्या चित्राने अडवली होती.

गृहस्थांनी जाता जाता, म्हणजे न जाता, आणखी एक उपाय सुचवला. "सुरकुत्या पडणारा रंग मिळतो. तोच मारा, म्हणजे खरबरीतपणा मुद्दाम केला आहे असे वाटेल." दुर्दैवाने हे खरे आहे. व्हॉल्व्ह कव्हरांवर असा रंग फार पूर्वीपासून देतात आणि बारीक दोष त्यात बेमालूम लपतात. एवढा वेळ निरर्थक बोलणाऱ्या माणसाने शेवटी बरोबर बोलावे, हा मला सरळसरळ अन्याय वाटला.

मी इपॉक्सीच घेतले. धातू ॲसिटोनने पुसून छिद्रांपुरता पातळ थर द्यायचा, तो पूर्ण कडक होऊ द्यायचा आणि मगच घासायचा. तेल गळू नये म्हणून गॅस्केट बसते त्या कडेला मात्र त्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डसाठी मी काहीच घेतले नाही. जोरात चालवल्यावर जो भाग लाल होऊ शकतो, त्याला कानशीने घासावे आणि उरलेले खड्डे तसेच राहू द्यावेत. हे मी त्या गृहस्थांना सांगितले नाही, कारण तिथे पाहणारे कोण आहे, हे त्यांनी पुन्हा विचारले असते.