वासाची तोंडी परीक्षा

दारू पिण्यासाठी फारशी विद्वत्ता लागत नाही, असा माझा समज होता. ती चाखण्यासाठी मात्र भरघोस शब्दसंग्रह लागतो, हे मला बाल्टिमोरजवळ राहणाऱ्या आमच्या जावयांनी दाखवून दिले. त्यांनी जेवणाच्या टेबलावर निमुळत्या तोंडाचे छोटे ग्लास, पाण्याचा ड्रॉपर, वही आणि पेन मांडले, तेव्हाच हा कार्यक्रम मौजेचा नसून परीक्षेचा आहे, हे मी ओळखले.

बाटली एका लहानशा डिस्टिलरीतल्या राय व्हिस्कीची, म्हणजे राय नावाच्या गव्हासारख्या धान्याच्या व्हिस्कीची होती, आणि ती शेवटी पोर्ट वाइनच्या पिंपात मुरवलेली होती. ग्लास भरले गेले आणि व्याख्यान सुरू झाले. अमेरिकी नियमाप्रमाणे या व्हिस्कीच्या धान्यात निदान ५१ टक्के राय लागते आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओक पिंपातच मुरवावी लागते. हे धान्य शिजताना कमालीचे चिकट होते आणि फेसही भरपूर काढते. अमेरिकेतल्या दारूबंदीपूर्वी मेरीलंड राज्य रायसाठी नावाजलेले होते. आणि खुद्द अमेरिकेचे राष्ट्रपिता जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरच्या डिस्टिलरीत १७९९ साली सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की निघाली, तीही मुख्यतः रायचीच. आपल्याकडे राष्ट्रपित्याच्या जयंतीला दारूची दुकाने बंद ठेवतात, हे आठवून मी उचललेला ग्लास पुन्हा खाली ठेवला.

मग त्या पिंपातल्या पोर्टची, म्हणजे गोड आणि कडक वाइनची, पाळी आली. माझी पोर्टशी ओळख गोव्याहून परतणाऱ्यांच्या बॅगेतल्या बाटलीपुरतीच. मूळ पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. तिथे द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचे कडक मद्य ओतून आंबण्याची क्रिया थांबवतात, म्हणून वाइनमध्ये साखर शिल्लक राहते. ही वाइन लाकडात मुरते, आणि रिकाम्या झालेल्या त्याच पिंपांत तयार राय काही महिने ठेवली, की तिचा तिखटपणा जरा मवाळ होतो आणि रंगावर तांबूस छटा येते. हे सारे मला मनापासून पटले. फक्त ते घशाखाली उतरण्याची वेळ येत नव्हती.

“बाबा, घाई करू नका. तोंड किंचित उघडं ठेवा आणि आधी नुसता वास घ्या. काय जाणवतंय?”

पन्नास टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेल्या द्रवात नाक खुपसल्यावर जे जाणवते, ते सासऱ्याने जावयासमोर बोलण्यासारखे नसते. “छान आहे,” मी म्हणालो. जावई अदबीने गप्प राहिले, पण पेन हललेच नाही. त्यांनी माझ्या ग्लासात मोजून दोन थेंब पाणी सोडले आणि पुन्हा विचारले. “फारच छान,” मी म्हणालो. त्यांच्या स्वतःच्या नावापुढे मिरी, पुदिना, आलुबुखार, ओले लाकूड अशी किराणा दुकानाची यादी झाली होती. माझा रकाना कोरा होता. आवडली असे सांगून भागत नाही, का आवडली याचा पुरावा द्यावा लागतो, हा या छंदातला खरा जाच आहे.

एवढ्यात जन्मात दारूला न शिवलेली आमची सौभाग्यवती पोळ्यांचा डबा ठेवायला आली, माझा ग्लास लांबूनच हुंगून म्हणाली, “काळ्या मनुका, जायफळ, थोडी बडीशेप.” जावयांनी ते तिन्ही शब्द भक्तिभावाने माझ्या नावापुढे उतरवून घेतले.

“आणि ग्लास नीट विसळलेला नाही,” ती पुढे म्हणाली, “साबणाचा वास येतोय.”

तेही वहीत गेले की नाही, हे मी पाहिले नाही. जावयांचे लक्ष स्वतःच्या ग्लासाकडे वळलेले पाहून मी तेवढ्यात पहिला घोट घेऊन टाकला.